वेळामावस्येला निघालेलं बिऱ्हाड

कोहिनूर गावाच्या शिवारात डांबरी सडक दमून बसते आणि पुढं नुसती गाडीवाट उरते, तिथं मल्लिकार्जुननं पाटी ठोकलीय: 'बिऱ्हाड फार्म स्टे'. तिच्याखाली बारीक अक्षरांत 'एसी रूम उपलब्ध'. सुनेनं, म्हणजे पल्लवीनं, ही पाटी पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा अंबुबाईला हसता हसता ठसका लागला होता.

"आमच्या बिऱ्हाडाला छप्पर न्हवतं," ती म्हणाली, "आन् तुमच्या बिऱ्हाडाला मशीननं थंडी घालायलाव व्हय?"

मल्लिकार्जुन चिडला नाही. हैदराबादच्या हॉटेलात कित्येक वर्षं लोकांचं ऐकून घेण्याचा पगार खाल्लेला माणूस तो. आईचं फुकट ऐकायला त्याला काय जड? त्याचं म्हणणं एवढंच, की शहरातली माणसं आता खोली बघायला येत नाहीत, जगणं बघायला येतात. अंबुबाईला हे पटेना. जे जगणं सुटलं म्हणून तिनं बिरोबाला नारळ फोडला होता, तेच बघायला माणसं गाडी काढून, मोबाइल चार्ज करून येतील, हे कुणाला पटेल?

पण माणसं आली. आणि आली तशी अंबुबाई जुनं जगणं दाखवायला पेटली.

तिचा जन्म आळंदच्या बाजूला, कुण्या पाटलाच्या रानात, पालाखाली झालेला. कुठलं रान, ते तिच्या आईलाही धड सांगता यायचं नाही. "चिंचेचं झाड व्हतं," एवढाच पत्ता. लग्न झालं तेही दोन मुक्कामांच्या मध्ये. नवरा अंबाजी मेंढरांच्या मागं, ती घोडीच्या मागं. सकाळी गडीमाणसं मेंढरं घेऊन चरत पुढं निघायची, आणि बायका बिऱ्हाड लादायच्या: पालाच्या काठ्या, वाकळा, घोंगडी, भांडी, त्यावर कोंबड्यांचं डालगं आणि सगळ्यांत वर लेकरू. लेकरू जुन्या लुगड्याच्या पट्टीनं असं बांधायचं की घोडी बसली, उठली, नाल्यात उतरली तरी ते हलायचं नाही. मग शेवटी चूल मोडायची. तीन दगड पायानं पाडायचे. उभी चूल मागं ठेवून निघालं तर भूक पाठ सोडत नाही, असं तिची सासू सांगायची. दगड पडल्याचा आवाज झाला की घोडी आपसूक चालायला लागायची. तिला हाकायचं नाही, धरायचं नाही, तिच्या पुढं तर मुळीच चालायचं नाही. घोडीला पुढचा मुक्काम ठाऊक असतो. बाईनं मागनं यायचं.

मल्लिकार्जुन आणि त्याची थोरली बहीण तुळजा, दोघंही जमिनीवर चालायच्या आधी असंच घोडीवरनं तालुके फिरले. मग ऊस आला. ऊस आला आणि वाटा गेल्या. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की तो वर धान्य द्यायचा, तोच काठी घेऊन बांधावर उभा राहायला लागला. शेवटी अंबाजीनं कोहिनूरला खडकाळ तुकडा घेतला, थोडी मेंढरं ठेवली, आणि अंबुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा एकाच चुलीवर दोन पावसाळे स्वयंपाक केला. तिची घोडी चंद्री त्याच साली गेली. मल्लिकार्जुननं फार्म स्टे काढल्यावर पाहुण्यांना दाखवायला घोडी हवी म्हणून हळ्ळीखेडच्या गुंडप्पाकडून दुसरी आणली. गुंडप्पाही असाच फिरस्ता, फिरणं सोडून आता मजुरीला जाणारा. घोडी देताना त्यानं तिचं नाव सांगितलं. अंबुबाईनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला 'चंद्री' म्हणायला लागली. नव्या घोडीनं फारसा वाद घातला नाही.

दर रविवारी मग खेळ असायचा. अंबुबाई घोडी लादायची, पाहुण्यांचं एखादं पोरगं वर बसवायची, बांधायची, फोटो व्हायचे, पोरगं उतरायचं, टाळ्या. घोडी जागची हलायची नाही, कारण चूल मोडायची वेळच यायची नाही. चूल पल्लवीनं शेणामातीनं सारवून पक्की बसवली होती. ती मोडायला जेसीबीच लागला असता.

तो दिवस मात्र वेळामावस्येचा होता.

ह्या दिवशी आपल्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून पूजायचे, रानभर आंबील शिंपायची, आणि मग भज्जी, म्हणजे शेंगा-पाल्याची मिसळ भाजी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, खीर असं पोटाला तडस लागेतो खायचं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही धरून बसवायचा. वेळामावस्येला उपाशी राहायचं असेल तर घरात कडी लावून बसावं लागतं.

मल्लिकार्जुनकडं त्या दिवशी कलबुर्गीचं एक कुटुंब होतं. अनिलकुमार, त्याची बायको नेत्रावती, आणि पाच वर्षांचा बंटी. अनिलकुमार कुठलीही गोष्ट आधी मोबाइलमधून बघायचा, आणि वेळ उरला तर डोळ्यांनी. नेत्रावती शाळेत शिकवायची, त्यामुळं तिला प्रश्न विचारल्याशिवाय करमत नव्हतं. बंटी भज्जीकडं बघून तोंड वाकडं करत होता आणि चिप्सची आठवण काढत होता. सण म्हणून भज्जी रानातच शिजवलेली. त्यासाठी चिंचेखाली तीन सुटे दगड मांडून चूल केली होती.

जेवणं झाली. अंबुबाईनं घोडी लादली. बंटीला वर चढवलं, लुगड्याची पट्टी पोटावरनं, मांडीखालनं घेतली, आवळली.

"भ्या वाटायलंय का रं?"

"मी कशाला भिऊ?" बंटी म्हणाला. "घोडीच भ्यालीय."

सगळे हसले. नेत्रावती घोडीच्या गळ्यावरनं हात फिरवत होती. ती म्हणाली, "अज्जी, लादून झालं. मग निघताना सगळ्यांत शेवटी काय करायचे तुम्ही?"

एवढ्या रविवारांत हे कुणी विचारलं नव्हतं. अंबुबाईचा चेहराच उजळला. "शेवटी?" ती म्हणाली. "शेवटी ही अशी चूल मोडायची!" आणि लुगड्याचा काठ जरा वर धरून तिनं पायानं एक दगड पाडला, दुसरा पाडला, तिसरा पाडला.

घोडीचे कान उभे राहिले. तिनं मान खाली घालून एकदा फुरफुर केली आणि निघाली.

"अय्यो, चालली की!" नेत्रावती म्हणाली. "धरा तिला, अज्जी."

"घोडीला धरत नसत्यात, बाई. बाई मागनं जाती." अंबुबाई दोन पावलं मागनं गेलीसुद्धा. तिच्या अंगातच ते आलं होतं; किती वर्षांनी घोडी तिच्यापुढं अशी खुटूखुटू चालत होती. डालग्यातल्या कोंबड्या कुरकुरत होत्या, बंटी वरनं राजासारखा हात हलवत होता.

"अज्जी, अज्जी!" अनिलकुमार ओरडला. "इकडं बघून परत एकदा सांगा ना. मघाशी आवाज नीट आला नाही."

अंबुबाई थांबली. मोबाइलकडं तोंड केलं. पदर सारखा केला. चूल कामून मोडायची, सासू काय म्हणायची, भूक कशी पाठ सोडत नाही, सगळं सांगितलं. मध्येच एक ट्रॅक्टर वाजला, म्हणून अनिलकुमारनं पुन्हा सांगायला लावलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं. मान्यच करायला हवं, दुसऱ्यांदा जास्त चांगलं सांगितलं.

"बंटी कुठाय?" नेत्रावतीनं विचारलं.

वाटेवर कुणी नव्हतं. गाडीवाट उसात शिरते तिथं दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, वारा नसल्यामुळं स्तब्ध. घोडी नाही, तिच्या गळ्यातली घंटी नाही, कोंबडीचा आवाजही नाही.

"आसंल की हितंच," अंबुबाई म्हणाली. "कुटं जातीया? वढ्यापत्तूर जाईल, पाणी पील, हुबी ऱ्हाईल. नेमच हाय तिचा."

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की नेत्रावतीनं श्वास सोडला. मल्लिकार्जुन मात्र धावत सुटला होता. उसाच्या आत वाट फुटते. एक फाटा खाली दक्षिणेला ओढ्याकडं, एक वर उत्तरेला. तिथं तो वाकून बघत उभा राहिला. पण सकाळीच अंबाजी मेंढरं घेऊन आधी वरचा, मग खालचा फाटा चारत गेला होता, आणि मेंढरांच्या खुरांनी अख्खी वाट अशी चाळून ठेवली होती की त्यात हत्ती गेला असता तरी कळलं नसतं.

"माय, कुनीकडं?"

"खाली!" अंबुबाई थांबलीसुद्धा नाही. "आपली वाट खालीच न्हवं का? आळंदकडं!"

सगळे खाली पळाले. उसाच्या कडेला अण्णारावचं कुटुंब जेवत बसलं होतं. अण्णाराव म्हणजे त्या उसाचा मालक. एरवी अंबाजीच्या मेंढरांचं तोंड उसाकडं वळलं तरी बोंब मारणारा. पण आज सण होता.

"या, या! ज्यवून जावा!"

"अण्णा, घोडी गेली का हिकडनं? लेकरू हाय वर!"

"म्या पाठमोरा बसलोतो," अण्णाराव प्रामाणिकपणे म्हणाला. "तोंड भज्जीकडं व्हतं."

ओढ्यावर घोडी नव्हती. काठाच्या ओल्या मातीत बगळ्यांची पावलं होती, मेंढरांची होती, घोडीचा एकही खूर नव्हता. पलीकडं खडकावर अंबाजी बसला होता, आणि मेंढरं त्याच्याभोवती पांगली होती. नेत्रावतीनं पाण्याकडं एकदा बघितलं आणि मग अंबुबाईकडं. तोवर ही आई नुसती घाबरलेली होती. आता तिच्या डोळ्यांत दुसरंच काही आलं.

"तुम्ही म्हणला इथं थांबेल म्हणून."

"थांबतीच बाई ती... आवं! चंद्री आली का हिकडं? बिऱ्हाड घालून?"

अंबाजी उठला. सगळ्यांची तोंडं बघून त्याला काहीतरी झालंय ते कळलं, पण प्रश्न कळला नाही. "चंद्री? येडी का खुळी तू? चंद्री मरून किती दिस झाले."

"आवं, ही! ही चंद्री!"

"ही गुंडप्पाची घोडी न्हवं का?" अंबाजी म्हणाला. "ही आपल्या वाटंनं कामून यील?"

अंबुबाईनं जवळच्या बाभळीला हात लावला. काटा घुसला तोही तिला कळला नाही. आयुष्यभर जी घोडी तिच्यापुढं चालली ती एकच होती तिच्या लेखी. जिच्यावर तिनं आपल्या हातानं परक्याचं लेकरू बांधलं, ती तिच्या ओढ्याची नव्हती, तिच्या आळंदची नव्हती. ती दुसऱ्याच कुणाच्या बिऱ्हाडाची वाट चालत गेली होती, आणि ती वाट कुठं जाते ते इथल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

"गुंडप्पाला फोन लाव," ती मल्लिकार्जुनला म्हणाली. "लाव लवकर!"

फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावल्यावर गुंडप्पानं उचलला. मागं बायकापोरांचा कालवा होता.

"हां मल्लूअण्णा! ज्येवलाव का?"

"गुंडप्पाण्णा, ती घोडी..."

"घोडीला काय झालं? हे बगा, देताना खणखणीत व्हती. बिरप्पाची आण. आता तुमी खायाला काय घालायलाव ते..."

अंबुबाईनं फोन ओढून घेतला. "गुंडप्पा, म्या अंबू. कोहिनूरच्या रानातनं तुमचं बिऱ्हाड निघालं, तर म्होरला मुक्काम कुटं असायचा?"

गुंडप्पा फिरस्ता माणूस, त्याला एवढ्यावरनं कळलं. "चूल मोडलाव का?"

"व्हय."

"वझं घातलेलं?"

"घातलंय. आन् वर लेकरू हाय. पावण्याचं."

मागचा कालवा थांबला. त्यानं हातानं गप्प केला असावा. "अक्का, आमी तिकडनं हळ्ळीखेडच्या अंगालाच यायचो. वर, उत्तरंला. हायवे वलांडून."

"मधी थांबती का कुटं? पाण्याला?"

"थांबती की. पर पाणी हायवेच्या पल्याड हाय."

नेत्रावती शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. तिनं अनिलकुमारचा हात धरला आणि गाडीकडं पळायला लागली. उसातनं कार जात नव्हती; त्यांना डांबरी सडकेनं मोठा वळसा घालून हायवे गाठायचा होता. मल्लिकार्जुननं मोटरसायकल काढली, अंबुबाई मागं बसली. अंबाजी मेंढरं सोडून धावायला निघाला, तर ती ओरडली, "तुमी हितंच थांबा! चुकून परत आली तर?"

वेळ किती वाया गेला होता त्याचा हिशोब तिनं केला नाही. करायची हिंमत नव्हती. ओझ्याची घोडी घाई करत नाही, पण थांबतही नाही.

उत्तरेच्या वाटेवर रानारानांत माणसं होती, आणि प्रत्येक रानातनं हात वर व्हायचा. "या की! भज्जी खावून जावा!" मल्लिकार्जुन नुसता हॉर्न वाजवत होता. एका बांधावर कमलम्मा नावाची म्हातारी वाटेतच उभी राहिली, म्हणून थांबावं लागलं.

"अज्जी, घोडी बघितलाव का? वर लेकरू?"

"बगितलं की!" कमलम्मा आनंदानं म्हणाली. "बिऱ्हाड चालल्तं. म्या म्हणलं थांब गं बाई, लेकराला खावू दे, तर घोडी थांबंना. मग म्या पळत जाऊन त्याच्या हातात उंडा दिला. लई गोड लेकरू! टाटा केलं मला."

"आगं, मग धरायचं न्हाई घोडीला!" अंबुबाई किंचाळली.

कमलम्मा तिच्याकडं बघतच राहिली. "बिऱ्हाडाची घोडी कामून धरू? मागनं बाई येतच आसंल की."

मागनं यायची होती ती बाई मोबाइलला तोंड दाखवत उभी होती.

ऊस संपला. चढ लागला. चढावरनं आधी आवाज आला, मग हायवे दिसला. हैदराबादच्या बसगाड्या, सोलापूरकडं निघालेले कंटेनर, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, टपावर गाणं लावून. सणाला सुट्टी शेतकऱ्याला, ऊसतोडीला नाही. अंबुबाईनं हा रस्ता बसमधनं पुष्कळदा बघितला होता. पायी ओलांडला नव्हता कधीच.

"माय," मल्लिकार्जुननं गाडी थांबवून बोट दाखवलं. "ती बग."

घोडी रस्त्याच्या मधोमध होती. अलीकडच्या गाड्यांमधनं ती कशी पार झाली ते बिरोबाला ठाऊक. आता ती दुभाजकावर, कण्हेरीच्या दोन झुडपांच्या मध्ये उभी होती. ओझं एका बाजूला कललं होतं, पालाच्या काठ्यांची टोकं जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं हलत होती. वर बंटी. हातात अर्धा उंडा. पलीकडच्या कडेला, ढाब्याच्या मागं, पाण्याचा हौद चकाकत होता, आणि घोडीचं तोंड नेमकं तिकडं होतं. तिनं एक पाय डांबरावर टाकला. कंटेनर गेला. पाय मागं घेतला. परत टाकला.

मल्लिकार्जुननं तोंडाशी हात नेला, हाक मारायला. अंबुबाईनं तो हात खाली ओढला.

"वरडू नकोस. बुजंल."

आणि त्याच वेळी पलीकडं, ढाब्यासमोर, कार थांबली. दार उघडलं. नेत्रावती उतरली.

कुठली आई गप्प राहील? "बंटी!" तिनं हाक मारली, आणि बंटीनं दोन्ही हात वर केले. "अम्मा! बघ, मी एकटा आलो!" त्याच्या हलण्यानं ओझं आणखी कललं. घोडीचे कान पलीकडच्या आवाजाकडं वळले, आणि तिनं दुसरा पायही डांबरावर उतरवला.

मग अंबुबाईनं काही ठरवलं असं नाही. ती नुसती चालायला लागली. मेंढरं सडक ओलांडायची तेव्हा एक माणूस दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहतो; तसे तिचे हात आपोआप पसरले, एका हातात पदर, दुसरा रिकामा. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं शिवी घातली आणि ब्रेक दाबला. मागच्या ट्रॉलीतला ऊस करकरला. दुसऱ्या बाजूनं एक जीप तिच्या अगदी मागनं गेली. मल्लिकार्जुन "माय! माय!" करत होता. ती दुभाजकावर चढली तोवर घोडी पुढच्या रस्त्यावर पूर्ण उतरली होती.

समोरनं बस येत होती.

अंबुबाईनं घोडीच्या गळ्यातलं दावं धरलं आणि अंगाचा सगळा भार मागं टाकला. घोडी थांबली नाही. आयुष्यात तिला ओझ्याखाली कुणी धरलंच नव्हतं. उलट तिनं हिसका दिला. अंबुबाई गुडघ्यावर आली, फरफटली. दावं सोडलं नाही. त्या ओढाताणीत ओझं पुरतं घसरलं, बंटी आडवा होऊन घोडीच्या पोटाशी लोंबायला लागला, आणि कोंबड्यांचं डालगं सुटून भर रस्त्यावर फुटलं. पांढऱ्या, तांबड्या कोंबड्या चहूकडं उडाल्या.

बसवाल्याला म्हातारी दिसली की घोडी दिसली की कोंबड्या, हे त्याचं त्याला ठाऊक. बस वाकडी झाली, कर्कश आवाज करत थांबली, आणि तिच्या मागं सगळंच थांबलं. ज्या रस्त्यावर माणसासाठी कुणी थांबत नाही, तो रस्ता कोंबड्यांसाठी थांबला.

नेत्रावती गाड्यांमधनं धावत आली. बंटीला दोन्ही हातांनी खालनं उचलून धरलं. आता तो रडत होता. उलटा लोंबल्यावर राजालाही रडू येतं. अंबुबाई गाठ सोडायला गेली. तिनंच मारलेली गाठ. ओढेल तितकी घट्ट होणारी. ती तिलाच सुटेना. शेवटी ढाब्यावरच्या पोऱ्यानं कांदे चिरायची सुरी आणली आणि अनिलकुमारनं लुगड्याची पट्टी कापली. त्याच्या खिशात मोबाइल वाजत होता. त्यानं तो काढलासुद्धा नाही.

घोडी हौदावर जाऊन पाणी पीत होती.

गाड्या हलल्या. बसमधल्या दोघांनी कोंबड्या धरून दिल्या. एक परत मिळाली नाही, तिचं काय झालं ते विचारण्यात अर्थ नव्हता. नेत्रावती ढाब्याच्या बाजेवर बसली, बंटीला असं आवळून की त्याला श्वास घेता येईना. अंबुबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे गुडघे रक्तानं भरले होते.

"मला मार, बाई," ती म्हणाली. "मार, पर गप बसू नगं."

नेत्रावतीनं बंटीच्या पोटावरचा पट्टीचा तुकडा काढून टाकला. मग म्हणाली, "तुम्ही त्याला एवढं घट्ट बांधलं नसतं तर तो आज चाकाखाली पडला असता. आणि बांधलंच नसतं तर इथं आला नसता. मला दोन्ही दिसायलंय, अज्जी. म्हणून मला बोलता येईना."

"व्हिडिओ मी काढत होतो," अनिलकुमार कुणीही न विचारता म्हणाला. "मीच थांबवलं त्यांना."

"ते बी मला दिसायलंय," नेत्रावती म्हणाली. त्यानं मान खाली घातली.

ते तिघं निघाले तेव्हा मल्लिकार्जुन कारपर्यंत गेला. सामान मागनं पाठवतो म्हणाला, माफ करा म्हणाला, आणि हॉटेलातली सवय मेली मरत नाही, म्हणून शेवटी चाचरत म्हणाला, "सर, ते... रिव्ह्यू..."

"मल्लू!" अंबुबाई जमिनीवरनं ओरडली, आणि तो असा गप्प झाला की जणू परत पाच वर्षांचा झाला.

बंटीनं मागच्या काचेतनं टाटा केला. कुणाला, घोडीला की अंबुबाईला, ते कळलं नाही. नेत्रावतीनं काच वर केली.

घोडी न्यायला टेम्पो बोलावतो, असं मल्लिकार्जुन म्हणत होता. अंबुबाईनं ऐकलं नाही. ओझं तिनं ढाब्यावरच ठेवलं. घोडी मोकळी, दावं तिच्या मुठीत, आणि हायवे ओलांडताना मल्लिकार्जुन पुढं हात पसरून. चढ उतरली. कमलम्मा अजून बांधावर होती. "घावलं का लेकरू?" तिनं विचारलं, अंबुबाईनं मान हलवली, आणि म्हातारीनं तिला काही न बोलता जाऊ दिलं. वेळामावस्येला तिनं जेवायला न बोलावलेली ती बहुधा पहिलीच बाई.

मल्लिकार्जुनला तिनं मोटरसायकलनं पुढं पाठवलं. पल्लवी घरी जीव मुठीत धरून बसली असेल. उसाच्या फाट्यापर्यंत ती नीट चालली. तिथं मात्र तिला पुढं पाऊल टाकता येईना. ती वाटेच्या मधोमध बसली. घोडी तिच्या डोक्यावरनं मान काढून उभी राहिली.

अंबाजी मेंढरं घेऊन ओढ्यावरनं फाट्यावर येऊन थांबला होता. मल्लिकार्जुननं जाताना त्याला लेकरू सुखरूप असल्याचं सांगितलं होतं. तो आला, तिच्या गुडघ्यांकडं बघितलं, डोक्याचा पटका सोडला आणि एका गुडघ्याला गुंडाळला.

"माज्या हातानं बांधलं म्या त्याला," अंबुबाई म्हणाली. "म्या मोजून गाठी मारल्या. आन् मंग त्वांड फिरवून बोलत बसले. मी. आपली तुळजा घोडीवर असताना म्या कवा मागं वळून तरी बगितलं व्हतं का वो?"

"न्हाई," अंबाजी म्हणाला.

"मंग आज कामून?"

अंबाजी तिच्याशेजारी बसला. मालक बसला म्हटल्यावर मेंढरांनी आजूबाजूला बघितलं. डाव्या हाताला अण्णारावचा ऊस होता, हिरवागार, राखायला कुणी नाही. पहिली मेंढी शिरली. तिच्यामागं दुसरी. मग कळपच आत घुसला.

अंबाजीनं बघितलं. आख्ख्या आयुष्यात उसात तोंड घातलेली मेंढी बघून तो बसून राहिला नव्हता. त्याच्या हातातली काठी आपोआप उठायची. आज काठी मांडीवर होती, आणि तो तिचा दुसरा गुडघा बांधत होता.

"ए धनगरा!" अण्णाराव बांधावरनं ओरडत आला. "डोळे फुटले का? सणाचं बी सोडलं न्हाई! त्या मेंढरास्नी..." आणखीही बरंच काही त्याच्या तोंडात होतं. पण वाटेवर येऊन त्यानं बघितलं: अंबुबाई हुंदके देत होती, तिच्या लुगड्यावर रक्त, आणि अंबाजी मान वर करून त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता.

अण्णारावनं शिवी तिथंच गिळली. धोतर वर खोचलं आणि स्वतःच उसात शिरला. "हर्र! हर्र! भाईर चला!" त्याला हाकता येत नव्हतं. एका बाजूनं हुसकली की मेंढरं दुसऱ्या बाजूनं आत जायची. त्याचा आवाज उसात कधी इकडनं, कधी तिकडनं येत राहिला, पुष्कळ वेळ, आणि वाटेवर बसलेल्या दोघांपैकी कुणीही उठलं नाही.